ऐकू कमी येणाऱ्या रसिकासाठी ‘पाहण्याजोग्या’ मैफली सुचवाव्यात

प्रश्न : रामबागवासी, इंदूर

सर्व रसिकांना नमस्कार.

आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी सात-आठ मंडळी जमतात, मोठ्या टीव्हीवर एखाद्या मैफलीचा व्हिडिओ लावला जातो आणि पोह्यांच्या दोन फेऱ्या होईपर्यंत तो चालतो. हा परिपाठ माझ्या वडिलांनी सुरू केला. त्यांचे वय आता ८२ आहे. तरुणपणी ते काही वर्षे तबला शिकले. पुढे नोकरीच्या बदल्यांमध्ये वाजवणे सुटले, पण ऐकणे कधी सुटले नाही. देवासला कुमारजींच्या (कुमार गंधर्वांच्या) गाण्याला बसने जाऊन रात्री शेवटची गाडी चुकवण्याचा त्यांचा विक्रम आमच्या आईने आयुष्यभर त्यांना ऐकवला.

गेल्या दोन वर्षांत त्यांची श्रवणशक्ती बरीच कमी झाली आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितले की वयोमानाने कान अधू होतात तेव्हा बारीक, उंच आवाज आधी जातात आणि खर्जातले आवाज पुष्कळ काळ टिकतात. आमच्या घरी त्याचा अर्थ असा झाला की डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तबल्याचा, घुमारा त्यांना व्यवस्थित कळतो, पण तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा टणत्कार, मुळीच ऐकू येत नाही. तंबोऱ्याचा खर्ज लागतो, जवारी, म्हणजे तारेची झिणझिण, मात्र नाहीशी झाली आहे. श्रवणयंत्र त्यांनी घेतले आहे. बोलणे ऐकण्यासाठी ते उत्तम काम देते, परंतु गाणे लागले की ते स्वतःच काढून चष्म्याच्या घरात ठेवतात, कारण बासरीने एखादा सूर लांबवला की यंत्र त्या सुराला कापरे भरवते, अशी त्यांची तक्रार आहे.

असे असूनही त्यांचा रविवार चुकत नाही. ते टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची घेतात, तबलजीच्या हातांवर नजर लावतात आणि मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसतात. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्यांची मान आमच्या सर्वांच्या आधी हलते. मात्र एखादे स्थिर छायाचित्र लावून त्यावर जुने ध्वनिमुद्रण चिकटवलेले असले, की पाच मिनिटांत ते उठून आतल्या खोलीत जातात. आमच्या लक्षात हे फार उशिरा आले. आम्ही भारावून दुर्मिळ बंदिशी लावत होतो आणि त्यांच्यापुरती ती एका फोटोसमोर बसून राहण्याची शिक्षा होती.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. आपल्याला आवडणारे, वारंवार पाहावेसे वाटणारे सादरीकरणाचे व्हिडिओ सुचवावेत. गायन, वादन, नृत्य, काहीही चालेल. केवळ नाव न देता त्यात नेमके काय पाहायचे, नजर कोठे ठेवायची, हे दोन-चार ओळींत लिहिले तर फार उपयोग होईल. अट एकच : साथीदारांचे हात दिसले पाहिजेत. पुष्कळ चित्रीकरणांमध्ये सम जवळ आली की दिग्दर्शकाला नेमकी पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांची आठवण होते, आणि ‘धा’ पडतो त्या क्षणी पडद्यावर एखाद्या मान्यवरांची शाल दिसते. असे व्हिडिओ नकोत.

आणखी एक किरकोळ अडचण. गेल्या महिन्यात माझ्या मुलाने हौसेने बिनतारी स्पीकर आणला. पहिल्याच रविवारी वडील म्हणाले, “हा तबलजी हात आधी मारतो आणि आवाज मागून येतो. याला साथीला कोणी बसवले?” आम्हाला कोणालाही तो फरक जाणवला नव्हता. यावर उपाय माहीत असल्यास कृपया सांगावा.

उत्तर १ : जुना इंदूरकर

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. इंदूरच्या घरात इंदूरच्या गवयापासून सुरुवात व्हावी, हा माझा आग्रह आपण पक्षपात म्हणून सोडून दिला तरी हरकत नाही. फिल्म्स डिव्हिजनने १९७० मध्ये उस्ताद अमीर खाँ यांच्यावर एक लघुपट काढला होता, एस. एन. एस. शास्त्री त्याचे दिग्दर्शक होते. तो आता सहज पाहायला मिळतो. खाँसाहेब १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात गेले, त्यामुळे त्यांची चलचित्रे फार थोडी आहेत आणि म्हणूनच या कृष्णधवल लघुपटाचे मोल मोठे आहे.

पाहायचे काय, असे आपण विचारले आहे. मी सांगेन, त्यांचे न हलणे पाहा. डोळे मिटलेले, पाठ ताठ, चेहऱ्यावर श्रमाचे चिन्ह नाही. मेरुखंडाच्या, म्हणजे मोजक्या स्वरांचे क्रम बदलत जाण्याच्या, अंगाने स्वरांची एकेक मांडणी उलगडत असताना हा मनुष्य जणू दुसऱ्या कोणाचे तरी गाणे ऐकतो आहे असे वाटते. त्यांचे वडील शहामीर खाँ होळकर दरबारात सारंगी वाजवत, आणि सारंगीच्या गजाला जो श्वास असतो तो मुलाच्या गळ्यात उतरला, असे आमच्या पिढीतले लोक म्हणत. ते खरे की भाबडे, हे आपण ठरवावे.

एक सूचना मात्र जरूर करतो. जुन्या फिल्मवरून केलेला कोणताही व्हिडिओ लावताना पेटीवर पट्टी तपासून पाहावी. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते आणि आपल्याकडच्या दूरदर्शनची व्हिडिओ पद्धत २५ चौकटींची होती. उतरवून घेताना ती फिल्म सरळ २५ च्या वेगाने चालवली गेली असेल, तर लय सुमारे चार टक्क्यांनी वाढते आणि गवयाची पट्टी सुमारे पाऊण पट्टीने वर चढते. एखादा गवई एरवीपेक्षा चढा आणि घाईत गातो आहे असे वाटले, तर दोष त्याच्याकडे लगेच देऊ नये.

उत्तर २ : लष्करचा दक्षिणी, ग्वाल्हेर

जुना इंदूरकर यांच्या भक्तीबद्दल आदर राखून लिहितो की त्यांनी सुचवलेली वस्तू या गृहस्थांसाठी सर्वांत कठीण आहे. अमीर खाँसाहेबांचा आवडता झुमरा ताल १४ मात्रांचा आणि तोही अतिविलंबित लयीत. तबल्याला साध्या ठेक्याखेरीज काही वाजवू द्यायचे नाही, ही त्यांची रीत सर्वश्रुत आहे. ज्यांना स्वर धड ऐकू येत नाही आणि जे केवळ हातांवरून आवर्तन ओळखणार आहेत, त्यांना एका मात्रेनंतर दुसरी येईपर्यंत धीर धरण्यापलीकडे त्यात काय मिळणार? तो लघुपट उरलेल्या सात जणांनी पाहावा.

ग्वाल्हेरची विलंबित लय इतकी सैल नसते. आमच्याकडे ख्याल तालाला धरून चालतो, बंदिशीचे शब्द ठरलेल्या मात्रांवर पडतात, आणि गवई समेकडे कसा निघाला आहे हे चार-सहा मात्रा आधीच कळते. तिलवाडा तालातला बडा ख्याल या दृष्टीने पाहण्यासारखा. १६ मात्रा, चार-चारचे चार भाग : धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं, ता तिरकिट धिं धिं, धा धा धिं धिं. सातव्या मात्रेला ‘तिं’ आला की डग्ग्यावरचा हात मिटतो आणि काही काळ घुमारा बंद राहतो. तो पुन्हा उघडला की काल, म्हणजे आवर्तनाच्या मध्यावरची खाली, ओलांडून आपण समेच्या वाटेला लागलो, असे खुशाल समजावे. आपल्या वडिलांना घुमारा ऐकू येतो आणि हात दिसतो, म्हणजे तिलवाड्याचा नकाशा त्यांच्याजवळ संपूर्ण आहे. चाट न ऐकू आल्याने काही अडणार नाही.

त्यासाठी माझी पहिली शिफारस पंडित उल्हास कशाळकर यांचे गायन आणि पंडित सुरेश तळवलकर यांची साथ, अशा कोणत्याही मैफलीची आहे. या दोघांनी वर्षानुवर्षे एकत्र मैफली केल्या असल्याने निवडीला पुष्कळ वाव आहे. कशाळकरांच्या उजव्या हाताकडे लक्ष ठेवावे. गजाननबुवा जोशी आणि राम मराठे यांच्यासारख्यांकडे शिकलेला हा गवई बोलतानेच्या, म्हणजे बंदिशीच्या शब्दांतून घेतलेल्या तानेच्या, वेळी हवेत जे आखतो, त्याचे उत्तर पुढच्याच आवर्तनात तळवलकरांच्या बोटांत दिसते. एकमेकांकडे न पाहता दोघे एकाच क्षणी समेवर उतरतात आणि मग, उतरल्यावर, हसतात. मला ते हसणे तिहाईपेक्षा, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्यापेक्षा, अधिक आवडते.

दुसरी शिफारस अवघड आहे, पण न करणे जिवावर येते. मालिनीताई राजूरकर यांचे टप्पे. मालिनीताई २०२३ मध्ये गेल्या. काफी, खमाज, भैरवी, जो मिळेल तो टप्पा लावावा. शोरी मियांच्या नावाने चालत आलेला हा प्रकार पंजाबी शब्दांचा, आणि त्यात एक स्वर सरळ लावून थांबण्याची सोय नाही. प्रत्येक अक्षराला तानेचे झुंबर लटकलेले. गणिताच्या शिक्षिका म्हणून काही वर्षे काम केलेल्या या बाई मैफलीतही वर्गात फळ्यासमोर असाव्यात तशा निर्विकार बसत. हातवारे नाहीत, केसांत गजऱ्याचे प्रदर्शन नाही, मान वाकडी नाही. गळ्यात चालले आहे काय आणि चेहऱ्यावर दिसते काय, यांत इतके अंतर मी अन्य कोणाच्या गाण्यात पाहिलेले नाही. आपल्या वडिलांना यातले बारीक दाणे ऐकू येणार नाहीत, याची मला कल्पना आहे. तरीही त्यांना विचारून पाहावे; ज्याने पूर्वी टप्पा ऐकला आहे त्याला तो आठवायला ओठांची हालचालही पुरते.

विषयांतराचा दोष पत्करून एक सांगतो. हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी समारोह भरतो तेव्हा मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून कृष्णराव शंकर पंडितांना ऐकले होते. ऐकलेले आज काहीच आठवत नाही. आठवतो तो त्यांचा फेटा आणि वार्धक्यातही तानेबरोबर पुढे झेपावणारे अंग. १८९३ सालचा जन्म, म्हणजे त्या वेळी त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली होती.

उत्तर ३ : सूरसागरकाठी, वडोदरा

मी वडोदऱ्याच्या संगीत महाविद्यालयात तबला शिकलो. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये संगीतज्ञ मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली हीच ती शाळा. त्यामुळे प्रश्न वाचल्याबरोबर मला आपल्या वडिलांच्या खुर्चीच्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडावीशी वाटली.

आधी स्पीकरचे सांगतो. आपल्या वडिलांची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. बिनतारी स्पीकरकडे आवाज पाठवताना तो आधी आवळून बांधावा लागतो आणि तेथे पोहोचल्यावर पुन्हा सोडवावा लागतो. या खटाटोपात सेकंदाचा काही अंश जातो. बातम्या पाहताना तो कळत नाही. द्रुत तीनतालात मात्र तेवढ्या वेळात हात पुढच्या बोलावर गेलेला असतो. टीव्हीच्या ध्वनीच्या मांडणीत चित्र आणि आवाज जुळवण्याची सोय असते, ती वापरून पाहावी. आणि सर्वांत उत्तम म्हणजे जुन्या पद्धतीची तार जोडावी. नातवाला वाईट वाटेल, पण आजोबांची लय सुटणार नाही.

आता व्हिडिओ. अमेरिकेत माँटेरे येथे जून १९६७ मध्ये झालेल्या पॉप संगीत महोत्सवावर डी. ए. पेनेबेकर यांनी चित्रपट केला. त्याचा शेवट पंडित रविशंकर, उस्ताद अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती यांच्या वादनाने होतो. सुरुवातीला बराच वेळ वादक दिसतच नाहीत. सतार ऐकू येते आणि पडद्यावर श्रोते फिरत राहतात : कोणी गवतावर आडवा झालेला, कोणी डोळे मिटून बसलेला, त्यांच्यातच जिमी हेंड्रिक्ससारखे स्वतः मोठे वादक. आपल्या अटीत हे बसत नाही, हे मला मान्य आहे. पण ही पहिली काही मिनिटे सोसावीत, कारण त्यानंतर कॅमेरा वादकांपाशी येतो तो मुक्कामाला. सवाल-जवाबात अल्लारखाँसाहेबांचा चेहरा पाहावा. सतारीवर तुकडा वाजत असतानाच तो त्यांच्या भुवयांत, मग ओठांवर, मग खांद्यांत उतरतो, आणि हात चालू होतात ते सर्वांत शेवटी. ज्याने तबला हाती धरला आहे त्याला, आवाज पूर्ण बंद ठेवला तरी, पुढचा तुकडा केवढा येणार हे त्या भुवयांवरून सांगता येईल. मी एकदा खरोखर आवाज बंद करून हा प्रयोग केला आहे. दोनदा चुकलो.

याच कलावंतांचे दुसरे चित्रीकरण १ ऑगस्ट १९७१ चे, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले, बांगलादेशच्या निर्वासितांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमाचे. तेथे सरोदवर अली अकबर खाँ आहेत. वाद्ये जुळवून होताच प्रेक्षकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि जुळवणेच एवढे आवडले असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर हसून म्हणाले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. लोक तो अमेरिकन श्रोत्यांच्या अज्ञानाचा विनोद म्हणून सांगतात. मला मात्र नेहमी वाटते की चार वाद्ये एका स्वरात आल्यावर टाळी वाजवावीशी वाटली, यात त्यांचे काय चुकले? आपल्याकडे जुळवाजुळव चालू असताना श्रोते चहाला जातात.

उस्ताद फैयाज खाँ आमच्या गावचे. ५ नोव्हेंबर १९५० रोजी ते येथेच गेले. त्यांचे जे काही आज घरोघरी ऐकले जाते ते बहुतेक तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरचे. ‘बाजूबंद खुल खुल जाए’ ऐकताना त्या आवाजाच्या मागचा चेहरा कसा झाला असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्यावरून हलते चित्र मिळणे किती भाग्याचे, हे आम्हा वडोदरेकरांना इतरांपेक्षा थोडे अधिक कळते, एवढेच सांगून थांबतो.

उत्तर ४ : डोळे मिटून, इंदूर

आपल्या वडिलांविषयी पूर्ण सहानुभूती ठेवून एक वेगळे मत नोंदवते. गाणे ही पाहण्याची वस्तू नव्हे. आज ज्याला-त्याला व्हिडिओ हवा असल्याने गवयांनाही दिसण्याची काळजी घ्यावी लागते, आणि गायिकेच्या साडीच्या रंगावर जेवढी चर्चा होते तेवढी तिच्या निषादावर होत नाही. कुमारजी असोत की किशोरीताई, मी दिवा मालवून ऐकते. वर ज्या हसण्याचे, भुवयांचे आणि फेट्याचे कौतुक झाले ते वाचताना मला प्रश्न पडला की यात राग कोणता होता, हे एकानेही का लिहिले नाही?

उत्तर ५ : लष्करचा दक्षिणी, ग्वाल्हेर

ताईंचा टोला योग्य जागी बसला. राग लिहायला हवा होता. तरी नम्रपणे सुचवतो की दिवा मालवून ऐकण्यासाठी आधी कान शाबूत लागतात.

उत्तर ६ : दोन यंत्रांची बाई, उज्जैन

मी स्वतः सहा वर्षांपासून दोन्ही कानांत श्रवणयंत्रे वापरते, म्हणून अनुभवाने लिहिते. आपले वडील ज्याला कापरे म्हणतात तो त्यांचा भास नाही. यंत्रात शिट्टी वाजू नये म्हणून एक व्यवस्था असते. सलग आणि एकसारखा उंच आवाज आला की तिला ती स्वतःच्या यंत्राची शिट्टी वाटते आणि ती त्या आवाजाला दाबायला धावते. बासरीचा लांबवलेला सूर हा त्या व्यवस्थेच्या दृष्टीने चोरच. शिवाय ही यंत्रे मुळात बोलणे नीट कळावे यासाठी बसवलेली असतात. पंखा, रहदारी यांसारखा सतत चालणारा आवाज त्यांनी मागे ढकलायचा असतो, आणि तंबोरा हा सतत चालणाराच आवाज आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्यांनी यंत्र बसवून दिले त्यांच्याकडे जाऊन संगीतासाठी वेगळी मांडणी करून मागावी. बहुतेक यंत्रांत तशी सोय असते; तीत गोंगाट दाबणे आणि शिट्टी रोखणे ही दोन्ही कामे सौम्य करतात. जाताना फोनवर तंबोरा घेऊन जावे आणि तेथेच वाजवून पाहावे. मला पहिल्या वेळी तपासणाऱ्या मुलीने “आजी, यात गाणे कधी सुरू होणार?” असे विचारले होते. जवारी पूर्वीसारखी परत मिळाली असे मी म्हणणार नाही, पण तंबोरा आता पंख्यासारखा वाटत नाही.

व्हिडिओंविषयी माझी आवड थोडी निराळी आहे. सत्यजित राय यांच्या १९५८ च्या ‘जलसाघर’मध्ये बेगम अख्तर, बिस्मिल्ला खाँ आणि नृत्यांगना रोशन कुमारी प्रत्यक्ष कला सादर करताना दिसतात, संगीत विलायत खाँ यांचे. कथा एका बुडालेल्या जमीनदाराची आहे आणि मैफली त्याच्या हवेलीतल्या आहेत. रोशन कुमारींच्या कथकाचा प्रवेश आपल्या वडिलांना नक्की दाखवावा. तालाचा हिशेब पायांत असल्याने ऐकू येण्या-न येण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो.

आणि भीमसेनजी तर पाहिजेतच! त्यांच्या कोणत्याही मैफलीत तान ऐकू येण्याआधी दिसते. हात जमिनीवरून काहीतरी उपटून काढल्यासारखा वर येतो, खांदा फिरतो, तोंड वाकडे होते, आणि मग तान अवतरते. टीकाकारांनी त्यांना यावरून पुष्कळ बोलून घेतले. ज्यांना ऐकू येत नाही अशांच्या वतीने मी त्यांची ऋणी आहे. गुरू शोधत घरातून पळालेला हा मुलगा काही काळ ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात होता, हे लष्करचे दक्षिणी सांगायला विसरले, याचे मला आश्चर्य वाटते.

प्रश्नकर्त्याचे निवेदन : रामबागवासी, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन रविवार गेले, तेव्हा वृत्तांत देणे माझे कर्तव्य आहे.

तार जोडली. मुलगा एक दिवस रुसला. वडील म्हणाले, “आता तबलजीला बिदागी द्यायला हरकत नाही.”

पहिल्या रविवारी कशाळकर-तळवलकर लावले. राग मारवा नव्हता, श्री नव्हता. साधा यमन होता, हे ‘डोळे मिटून’ यांच्या माहितीसाठी मुद्दाम लिहितो. डग्ग्यावरचा हात मिटण्या-उघडण्याची जी खूण ग्वाल्हेरकरांनी सांगितली ती मी वडिलांना वाचून दाखवली. ते किंचित रागावले. “हे मला सांगतोस?” असे म्हणून त्यांनी पुढचा अर्धा तास आम्हा बाकीच्यांना एकेका आवर्तनाला काल कोठे आहे ते हाताने दाखवले, आणि तेव्हा उघड झाले की ज्यांचे कान ठणठणीत आहेत अशा आमच्यातल्या चौघांना आजवर तो कळतच नव्हता. माझी आत्या तर इतकी वर्षे खालीलाच सम समजून मान डोलावत होती.

दुसऱ्या रविवारी माँटेरे. श्रोत्यांचे चेहरे दिसत होते तोवर वडील अस्वस्थ होते, पण उठले नाहीत. अल्लारखाँसाहेब दिसू लागल्यावर त्यांनी मांडीवरचा हात थांबवला. मला वाटले, लय सुटली. नंतर विचारले तेव्हा म्हणाले की मोजायचे काही कारणच उरले नव्हते, तो माणूस सगळे तोंडावर मांडून ठेवत होता. मालिनीताईंचा काफीतला टप्पाही लावला. त्या वेळी मात्र त्यांनी यंत्र काढले, डोळे मिटले आणि ते पडद्याकडे पाठ करून बसले. संपल्यावर काय ऐकू आले, असे विचारायचा मला धीर झाला नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

अमीर खाँसाहेबांचा लघुपट अजून पाहायचा आहे. जुना इंदूरकर यांनी रागावू नये. पुढचा रविवार त्यांचाच आहे, आणि शक्य असल्यास त्यांनी स्वतः यावे. पोहे इंदुरी असतील, वर सेव आणि जिरावण घालून.

यंत्राच्या संगीताच्या मांडणीसाठी मंगळवारी जाऊन आलो. फोनवर तंबोरा लावून पाहिला. वडिलांनी बराच वेळ ऐकले आणि मग म्हणाले की पंचमाची तार किंचित उतरली आहे. यंत्रातला तंबोरा उतरत नसतो, असे त्या तपासणाऱ्या गृहस्थांनी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. घरी येऊन मी पाहिले, तर मीच घाईत पंचमाऐवजी मध्यमाचा तंबोरा लावला होता.

तेव्हापासून त्यांची नवी मागणी आहे. न्यूयॉर्कचा तो जुळवणुकीचा प्रसंग त्यांनी तीनदा लावायला सांगितला आणि तरी त्यांचे समाधान झाले नाही, कारण कॅमेरा तेथे दुरून पाहतो. त्यांना असा व्हिडिओ हवा आहे ज्यात कोणी जाणकार तंबोरा जुळवताना जवळून दिसेल : खुंटी, मणी, घोडीवर तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा, आणि जुळवणाऱ्याचे बोट. गाणे नसले तरी चालेल. कोणाकडे असल्यास कळवावे.

उत्तर ७ : सूरसागरकाठी, वडोदरा

असा तयार व्हिडिओ शोधत बसण्यापेक्षा मीच करून पाठवतो. माझ्या गुरुजींचा मिरजेचा तंबोरा घरी आहे. त्याची जवारी सध्या बिघडलेली आहे, त्यामुळे दोरा लावण्यापूर्वीचे आणि नंतरचे दोन्ही दाखवता येईल. फोन घोडीच्या बाजूला, जमिनीलगत ठेवीन. शनिवारपर्यंत वेळ द्यावा. वडिलांना विचारून एवढेच कळवावे की तार काळी एकच्या पट्टीत हवी की पांढरी चारच्या.